रिओ ग्रांदेकाठी, जनरेटरविना

(दृश्य: कॉटनवुडच्या उंच झाडांखाली उभ्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या. मागे नदीकाठची दाट झाडी.)

टेक्सासचा नैऋत्य कोपरा. बिग बेंड राष्ट्रीय उद्यान. झाडीपलीकडे रिओ ग्रांदे, आणि तिच्या पैलतीरावर मेक्सिको. या कॉटनवुड कॅम्पग्राउंडवर गाडीला जोडायला वीज नाही, पाण्याचा पाइप नाही, सांडपाण्याची नळी सोडायला जागा नाही. सगळ्यांसाठी मिळून पिण्याच्या पाण्याचे नळ आणि खड्ड्याचे संडास, बस्स. जनरेटर तर दिवसरात्र बंद! ऑस्टिनहून आठेक तास गाडी हाकत आलेल्याला हा नियम आधी जाचतो. पण एकदा का अंधार पडला आणि डोक्यावरच्या फांदीतून शिंगाळं घुबड घुमू लागलं, की शेजाऱ्याचं इंजिन धडधडत नाहीये याचं मोल कळतं.

(दृश्य: गाडीतलं बॅटरीचं मीटर, जवळून. काटा १२.४ व्होल्टवर.)

आता सगळा संसार या बॅटरीवर. आपल्याकडे भारनियमनात वाढलेला माणूस आधी दिवे मालवायला धावतो. इथे ते फारसं कामाचं नाही. एलईडी दिवे वीज खातात ती चिमूटभर. फ्रिज गॅसवर चालतो, शेगडीही गॅसवरच. खरा खादाड आहे हीटरचा पंखा. हीटर जळतो गॅसवर, पण गरम हवा आत ढकलणारा पंखा बॅटरीवर फिरतो.

हिशेब सोपा आहे. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची (म्हणजे १ अँपिअर १०० तास पुरेल इतकी) बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी उरले ५०. पंखा ओढतो साधारण ७ अँपिअर. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ जरी फिरला, तरी ३५ गेले. डिसेंबर-जानेवारीत या वाळवंटात पारा कधी कधी शून्याजवळ येतो. तेव्हा पहाटे मीटरकडे बघवत नाही. जाणती माणसं हीटर अगदी कमीवर ठेवतात आणि जाड रजई घेतात. अंथरूण पाहून पाय पसरायचे, इथे अगदी शब्दशः.

(दृश्य: झाडाच्या सावलीबाहेर, उन्हात मांडलेलं सोलर पॅनेल. लांबवर गेलेली वायर.)

सकाळी बॅटरी भरायची ती उन्हावर. आणि इथेच मेख आहे. ज्या सावलीसाठी ही जागा निवडली, तीच टपावरच्या पॅनेलच्या मुळावर येते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज धाडकन उतरते. म्हणून सुटं पॅनेल आणि लांब वायर. दर दोन तासांनी उठून त्याची दिशा बदलायची. कंटाळवाणं काम आहे, पण बरोबर आलेल्या आजोबांना छान उद्योग मिळतो.

पाण्याचं गणित उलटं. चांगल्या पाण्याची टाकी रिकामी होण्याआधी सांडपाण्याची टाकी भरून बसते. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग तांब्याभर पाण्यात मोकळे व्हा. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची. खरकटं पाणी झाडाखाली ओतलेलं चालत नाही, आणि त्या वासावर हावेलिना येतात. दिसायला रानडुकरासारखे, पण कूळ वेगळं. बाहेर टेबलावर विसरलेली ब्रेडची पिशवी ते ठेवत नाहीत.

शेकोटीलाही मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मे २०१९ मध्ये नदीपलीकडून आलेल्या वणव्यात जवळच्या कॅस्टोलनमधली जुनी ऐतिहासिक इमारत जळाली.

(दृश्य: सांता एलेना घळ. सुमारे ४५० मीटर उंच उभे कडे, मधून गढूळ पाणी.)

समोरची नदीही उधारीवरच वाहते म्हणा ना. वरच्या अंगाला शेती आणि शहरं पाणी उचलतात, त्यामुळे एल पासो शहराच्या पुढे रिओ ग्रांदे पार रोडावते. इथे दिसतं ते बरंचसं पाणी मेक्सिकोतून ओहिनागा गावापाशी येऊन मिळणाऱ्या रिओ कोंचोस नदीचं.

(दृश्य: मैला-टाकीची झडप, हातमोजे घातलेले हात.)

निघताना टाक्या रिकाम्या करायच्या तर इथे सोय नाही. रिओ ग्रांदे व्हिलेज गाठायचं, म्हणजे उद्यानाच्या पार दुसऱ्या टोकाला, जवळपास ९० किलोमीटर. तिथे आधी मैल्याची झडप उघडायची, मग अंघोळी-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते.