पुडीतल्या गोळ्या

(दृश्य : दिंडोरी तालुका, द्राक्षबाग, सकाळ)

मान वर, हात वर. द्राक्षांची विरळणी अशीच चालते. मांडवाखाली उभं राहून घड धरायचा, कात्रीने जादा मणी काढायचे, की पुढचा घड. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात आणि हंगामभर इथेच राहतात. संध्याकाळी खांदे भरून येतात, कंबर धरते. उद्याची मजुरी मात्र बुडवून चालत नाही.

(दृश्य : कागदावर सुट्या गोळ्या)

मग ही पुडी येते. नीट बघा. गोळ्या सुट्या काढल्या, नाव स्ट्रिपवरच राहिलं. आमच्यासोबतच्या फार्मासिस्टने ओळखलं ते असं : एक डायक्लोफेनॅक, दुखणं आणि सूज कमी करणारी. ही बारकी डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. तिसरी ॲसिडिटीची. पहिली दोन्ही औषधं शेड्यूल एचमधली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाहीत. इथे चिठ्ठी कुणी मागितली नाही.

आराम पडतो, हे खरंच आहे. रात्रीत पडतो. स्टेरॉइडने भूक वाढते, अंगात तरतरी येते. मग देणाऱ्याच्या हाताला गुण आहे असं गावभर होतं.

(दृश्य : एंडोस्कोपीचा पडदा, जठराचं अस्तर)

हे जठर. इथलं आम्ल मटण पचवतं, मग जठराला का नाही पचवत? अस्तरावर हा चकाकणारा बुळबुळीत थर दिसतोय ना, तो आम्ल अडवतो. हा थर राखायचा आणि अस्तराला रक्त पुरेसं मिळू द्यायचं, हे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. गुडघ्यात सूज आणि ठणका आणणारीही तीच. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅकही याच जातीचं. गोळी गुडघ्यापुरती थांबत नाही, जठरातलं संरक्षणही काढून घेते. इंजेक्शनचंही तेच, कारण औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. ‘सुई घेतली की पोटाला त्रास नाही’ ही समजूत साफ चुकीची आहे.

नुसत्या स्टेरॉइडने अल्सरचा, म्हणजे अस्तराला जखम होण्याचा, धोका फारसा वाढत नाही. पण झालेली जखम ते लवकर भरू देत नाही. म्हणून ही जोडी वाईट. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या 65 वर्षांपुढच्या लोकांचा एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांना अल्सरचा धोका, दोन्हींपैकी काहीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 15 पट निघाला. आणि आपल्याकडे ती जोडी एकाच कागदात बांधून देतात!

(दृश्य : अल्सर, मधोमध काळा ठिपका)

हा अल्सर. त्या ठिपक्याखाली रक्तवाहिनी आहे. वेदनाशामक चालू असल्याने पोट दुखेलच असं नाही. पहिली खूण बऱ्याचदा शौचाला दिसते : डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तसा चिकटपणा नसतो. घेरी आली, छाती धडधडली, उलटीत रक्त दिसलं, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

पुडी घेणाऱ्या या मावशींना बागेतच घेरी आली. रक्त चढवलं, दुर्बिणीतून रक्तवाहिनीला क्लिप लावली.

(दृश्य : ओपीडी, टेबलावर गोळ्या)

डॉक्टर आधी पुडी मागतात. दुखण्यावर आधी पॅरासिटॅमॉल, ठरल्या मात्रेत. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक लागलंच, तर वय, आधीचा अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारून; धोका असेल तर सोबत आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. महिनोन्महिने पुडी घेणाऱ्याने मात्र स्टेरॉइड एका दिवसात तोडायचं नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मंदावलेलं असतं, अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. उरलेल्या गोळ्या कागदासकट डॉक्टरांना दाखवायच्या, मात्रा ते उतरवत नेतात.