शुक्रवारी वात कोण बदलतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय मोठा आहे आणि वेळ नेहमीइतकीच, तेव्हा थेट सुरुवात करते. ख्रिस्ती, यहुदी आणि मुसलमान. तिघांचा मूळपुरुष एक, अब्राहम. मुसलमान त्यालाच इब्राहिम म्हणतात. यरुशलेम तिघांनाही पवित्र. मग एवढं भाऊपण असताना इतकं वैर कसलं, असं पुष्कळ लोक विचारतात. त्यांना मी उलट विचारते, सातबाऱ्यावर सख्ख्या भावांचीच नावं असतात ना?

या तिघांच्या संबंधांचा इतिहास दोन हजार वर्षांच्या आसपासचा. तो वीस मिनिटांत सांगायचा म्हणजे नुसत्या सनावळ्या होतील. म्हणून मी एकच प्रश्न हातात धरणार आहे, आणि तुम्हीही तो ध्यानात ठेवा. अमुक ठिकाणी ख्रिस्ती लोक यहुद्यांशी कसे वागले, मुसलमानांशी कसे वागले, हे ऐकलं की आधी विचारायचं: तिथं राज्य कुणाचं होतं? पुन्हा सांगते. राज्य कुणाचं होतं?

आता केरळात कोल्लमला चला. सन 849. तिथल्या राजपुरुषाने ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या तरिसापळ्ळी नावाच्या चर्चला जमीन आणि हक्क दिले आणि ते ताम्रपटावर कोरून दिले. साक्षीदारांच्या सह्या कुणाच्या? काही अरबी लिपीत, काही पारशांच्या जुन्या पहलवीत आणि काही हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या फारसीत. म्हणजे चर्चच्या सनदेला मुसलमान आणि यहुदी साक्षीला उभे. राज्य हिंदू राजाचं, ख्रिस्ती तिथे व्यापारी, यहुदी व्यापारी, मुसलमानही व्यापारी. बंदरात माल उतरवायचा तर शेजारी लागतोच.

पश्चिम आशियात, स्पेनमध्ये मुसलमान राज्यकर्ते होते तेव्हा ख्रिस्ती आणि यहुदी दोघेही जिझिया भरून, दुय्यम दर्जाचे म्हणून राहत. अपमान होता, बंधनं होती, पण बहुतेक काळ आपापली प्रार्थना करता येई. स्पेनमध्ये 1492 साली ग्रानाडा पडलं, सगळं राज्य ख्रिस्ती राजा-राणीकडे आलं, आणि त्याच वर्षी यहुद्यांना हुकूम निघाला: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. मुसलमानांवर हीच पाळी पुढच्या दहा वर्षांत आली. देश सोडलेल्या यहुद्यांपैकी कितीतरी ऑटोमन सुलतानाच्या मुलखात गेले आणि तिथं त्यांना थारा मिळाला. पुष्कळजण शेजारच्या पोर्तुगालात गेले. तिथं 1497 मध्ये राजाने सगळ्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. या लोकांना नाव पडलं नवख्रिस्ती. पिढ्या उलटल्या तरी ‘नव’ काही सुटलं नाही.

बाकीचं युरोप मी आज सोडून देते. कारण या नवख्रिस्त्यांतला एक माणूस आपल्या दारात आला, आणि त्याची गोष्ट सांगायला मी कधीची टपून बसले आहे.

त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. पणजीत चर्चसमोरच्या चौकात त्याच्या नावाची बाग आहे. तिथं बाकावर बसून भेळ खाणाऱ्या कितीजणांना तो कोण ते ठाऊक असेल, देव जाणे. आपल्याकडे रस्त्याचं नाव बदलायला मोर्चे निघतात, पण जे नाव आहे त्याचा माणूस कोण, हे दोन ओळींत लिहायला कुणाला सवड होत नाही.

ओर्ताचे आईबाप स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी. पोर्तुगालच्या सरहद्दीवर कास्तेलो द व्हीद गावी 1500 च्या आसपास तो जन्मला. स्पेनमध्ये वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायला लागला. आणि 1534 साली सगळं सोडून, मार्तिम आफोंसो द सोझा नावाच्या सरदाराचा वैद्य म्हणून गोव्याच्या गलबतावर चढला. दोनच वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालात इन्क्विझिशन सुरू झालं. इन्क्विझिशन म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय. माणूस वेळेवर निघाला म्हणायचा.

गोव्यात त्याचा जम बसला. गव्हर्नर, व्हाइसरॉय त्याचे रोगी. पण मला आवडतो तो त्याचा दुसरा रोगी, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. चौलच्या बंदरात उतरायचं, घाट चढायचा आणि नगरच्या दरबारात जायचं. तिथले मुसलमान हकीम इब्न सिना या जुन्या नामांकित वैद्याचे ग्रंथ तोंडपाठ असलेले. ओर्ता त्यांच्याशी वाद घाली. सुलतान स्वतः औषधांचा शौकीन. ओर्ता लिहितो की सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन. आता हे डोळ्यांपुढे आणा. कागदोपत्री ख्रिस्ती, घरात यहुदी असा वैद्य, समोर शिया झालेला दख्खनचा सुलतान, आणि दोघं ताप-खोकल्याची नावं घोकताहेत. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत सुलतान आला की नुसता गडगडाटी हसतो. त्यांच्या लेखकांना कुणीतरी ही पानं वाचायला द्या.

ओर्ता लोकांचं ऐकणारा होता. हिंदू वैद्य जुलाब-वांतीच्या त्या जीवघेण्या रोगाला काय देतात, हेही त्याने टिपून ठेवलं. आपल्या आज्या ज्याला मोडशी म्हणत, तोच रोग. 1563 च्या एप्रिलमध्ये त्याचं पुस्तक गोव्यातच छापून निघालं. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. सगळं पुस्तक संवादांचं. स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचा एक कल्पित डॉक्टर, दोघं गप्पा मारतात. वेलची, हिंग, नारळ, अफू, एकेक विषय घेऊन. मध्येच घरातली माणसं डोकावतात. आंब्यावर बोलणं चालू असताना चाकर येऊन सांगतो, मुंबईहून तुमचे कूळ आले आहेत आणि गव्हर्नरांना भेट द्यायला आंब्यांची टोपली घेऊन आलेत.

मुंबईचं कूळ! हो, मुंबई बेट तेव्हा ओर्ताकडे पट्ट्याने होतं. पोर्तुगीज राजाला वर्षाला चौदाशेच्या वर पार्दाव, म्हणजे तेव्हाची नाणी, भरायचे आणि बेट सांभाळायचं. आजच्या मुंबईत पागडी भरून थकलेल्यांनी ही रक्कम ऐकून घ्यावी. आणि साहेबाला पेटी पोचवायची आपली रीत किमान 1563 पासून छापील पुराव्यानिशी चालू आहे, हेही नोंदवून ठेवते. तेव्हा टोपली होती एवढंच.

त्या पुस्तकात ओर्ता एक वाक्य लिहून जातो, त्याचा मतलब असा: स्पेनमध्ये असताना गॅलेन आणि इतर ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलायची माझी हिंमत नव्हती. वाचणारा समजतो, विषय वैद्यकाचा आहे. मला नेहमी वाटतं, हा माणूस एवढंच सांगत नव्हता.

कारण 1560 मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही येऊन पोचलं होतं. फ्रान्सिस झेवियरने 1546 मध्येच राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं. इथे पुष्कळ लोक मोशेच्या आणि महंमदाच्या धर्माप्रमाणे राहतात, अशी तक्रार करून. त्याआधीच, 1543 मध्ये, जेरोनिमो दियास नावाच्या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात गळा आवळून जाळलं होतं. ओर्ता तेव्हा गोव्यातच होता. त्याच शहरात, त्याच पेशाचा माणूस.

आता हे चौकशीवाले शोधत काय? ग्रंथ नाही, मूर्ती नाही. ते स्वयंपाकघरात शोधत. यहुद्यांचा पाळायचा वार शनिवार, आणि तो शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो. डुकराचं मांस टाळता का? शुक्रवारी घर झाडता का? दिव्याची वात शुक्रवारी बदलता का? शनिवारी धुतलेला सदरा घालता का? चुलीवर शुक्रवारी रात्रीच शनिवारचं कालवण शिजत ठेवता का? मोलकरणीला विचारायचं, शेजारणीला विचारायचं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वार आणि उपास पाळतात त्यांना सांगायला नको, अशी गोष्ट घरातल्या बाईपासून लपत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, हे न्यायालय बाप्तिस्मा झालेल्यांसाठी होतं. एकदा पाणी पडलं की सुटका नाही. बाटलेल्या हिंदूंचंही पुढे तेच झालं. न बाटलेल्यांचे हाल वेगळे, त्यांची देवळं पाडली गेली. मंगेशीचा देव कुशस्थळीहून प्रियोळला का गेला, ते गोव्याकडच्या श्रोत्यांना माहीत आहे.

ओर्ताची आई आणि बहिणी लिस्बनमध्ये चौकशीच्या तडाख्यात सापडल्या होत्या, त्या 1549 मध्ये गोव्याला त्याच्याकडे आल्या. तो जिवंत होता तोवर कुणी हात लावला नाही. मोठमोठ्यांच्या नाड्या त्याच्या हातात होत्या. आणि गंमत ऐका. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ज्याच्या मंजुरीचा उल्लेख आहे, तो आलेइशो दियास फाल्कांव गोव्याच्या इन्क्विझिशनचा न्यायाधीश होता. त्याने पुस्तक पाहिलं, पसंत केलं.

1568 मध्ये ओर्ता वारला. ख्रिस्ती संस्कारांनी पुरला गेला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला धरलं आणि 25 ऑक्टोबर 1569 ला गोव्यात जिवंत जाळलं. चौकशीत घरातल्यांनी भावाचंही नाव सांगितलं. मेहुण्याने सांगितलं की मोशेचं नियमशास्त्र हेच खरं, असं ओर्ता म्हणत असे. मग मेलेल्या माणसावर खटला चालला. 1580 च्या डिसेंबरात त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली, जाळली आणि राख मांडवीत टाकली. मरून बारा वर्षं झाली होती.

म्हणून पुन्हा तोच प्रश्न. राज्य कुणाचं होतं? ज्या 1568 साली गोव्यात ओर्ता आपला शनिवार लपवत मेला, त्याच साली कोचीनला मट्टनचेरीत यहुद्यांनी सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनामंदिर, बांधलं; तिथल्या हिंदू राजाने दिलेल्या जागेवर, त्याच्या राजवाड्याला लागून. ते आजही उभं आहे. आणि ज्या चौलवरून ओर्ता नगरला जाई, त्याच्या आसपासच्या गावांत आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. लोक त्यांना शनिवार तेलीच म्हणू लागले. एकाच किनाऱ्यावर एकाचा शनिवार जातीचं नाव झाला आणि दुसऱ्याचा शनिवार मरणाचं कारण.

या बेने इस्राएलांची आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांची गाठ पुढे एकोणिसाव्या शतकात पडली. ज्यांच्या नावाचं मुंबईत कॉलेज आहे त्या जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, 1832 मध्ये. हेतू अर्थात त्यांना ख्रिस्ताकडे वळवण्याचा. बेने इस्राएलांनी हिब्रू शिकून घेतली, शाळेत मास्तरक्या केल्या आणि धर्म आपलाच ठेवला. आपला माणूस व्यवहाराला पक्का! विल्सनसाहेबांकडे पाठीशी कंपनी सरकार होतं, पण त्या सरकारने धर्म न बदलल्याबद्दल कुणाला खांबाला बांधलं नाही. फरक तेवढाच आणि तो फार मोठा. या विषयावर एक स्वतंत्र भाषण मी द्यायला तयार आहे, रेडिओ केंद्राने बोलवावं.

ओर्ताचं शेवटचं सांगते. त्याची राख झाली, पण पुस्तक आधीच निसटलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1567 मध्येच अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश छापला आणि युरोपभर वैद्य तो वाचू लागले. गोव्याचं इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचं बंद झालं. दरम्यान ओर्ताचं यहुदीपण जग विसरलं. तो निष्ठावान कॅथलिक पोर्तुगीज शास्त्रज्ञ, असंच लिहिलं जात होतं. 1934 मध्ये एका पोर्तुगीज संशोधकाने कातारिनाच्या खटल्याचे कागद प्रसिद्ध केले तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. ते कळल्यावरही 1971 मध्ये पोर्तुगालने वीस एस्कुदोच्या नोटेवर गार्सिया द ओर्ताचं चित्र छापलं. जुनी नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडे ती अजून मिळते. पणजीला गेलात तर बागेत जरूर बसा, आणि सोबत पोरं असतील तर भेळ खाताना त्यांना सांगा, हा मुंबई बेटाचा पट्टेदार होता.

नमस्कार.