फ्रिजवरची अर्धी बाटली

समोर आशाताई बसल्यात, अंगणवाडीच्या सेविका आहेत, मागे बाळांना मांडीवर घेतलेल्या आया आहेत. तुमच्याशीच बोलायचं होतं.

मागच्या पावसाळ्यात एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. दोन दिवस पातळ जुलाब. डोळे खोल गेलेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसायची. तिने पिशवीतून एक बाटली काढली. थोरलीला जुलाब झाले होते तेव्हाचं अँटिबायोटिक, फ्रिजवर अर्धं उरलेलं. ‘हेच दिलं,’ म्हणाली. पाणी मात्र बंद, कारण पाण्याने जुलाब वाढतात असं घरात सांगितलेलं. तिला मी बोल लावत नाही. ती बाटली थोरलीला पहिल्यांदा कुणी लिहून दिली? आम्हीच, डॉक्टरांनी.

लहान मुलांचे बरेचसे पातळ जुलाब विषाणूंमुळे होतात. रोटाव्हायरस त्यातला मोठा, आणि त्याची लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. जीवाणूंचे जुलाबही अनेकदा आपोआप थांबतात. औषध खरंच लागतं ते रक्ताची आव पडते तेव्हा, किंवा पटकी, म्हणजे कॉलराने मूल गळून जातं तेव्हा. रक्ताच्या आवेमागे पुष्कळदा शिगेला नावाचा जीवाणू असतो. हा फार चिवट जंतू. 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. न धुतलेला एक हात पुरतो.

आता ही अर्धी बाटली धोक्याची का, ते सांगतो. 1950च्या दशकात जपानमध्ये शिगेलाचे असे जंतू सापडले, की ज्यांच्यावर चार-चार औषधं एकदम चालेनात. एक-एक औषधाला सरावत गेले म्हणावं, तर चारही एकाच वेळी कशी? 1959 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आतड्यातला साधा ई. कोलाय जंतू औषधांना दाद न देण्याची आपली ताकद शेजारच्या शिगेलाला देऊन टाकतो. हातातली चिठ्ठी शेजारणीला द्यावी तशी. म्हणजे आज तुम्ही उगाच दिलेल्या औषधाने पोटातले निरुपद्रवी जंतू शिकतात, आणि उद्या शिगेला आला की त्याला शिकवतात. पुढे अँपिसिलिन गेलं, को-ट्रायमॉक्साझोल गेलं, नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिनवर भिस्त ठेवली, तर दक्षिण आशियात तेही बऱ्याच ठिकाणी हात टेकतंय. 2024मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असा शिगेला धोकादायक जंतूंच्या यादीत वरच्या गटात घातला. रक्ताची आव झालेलं एखादं मूल समोर येतं आणि लिहायला औषध उरत नाही, याची मला फार भीती वाटते.

मग द्यायचं काय? 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. साखर आणि मीठ आतड्यात जोडीने शिरतात आणि पाणी आपल्यामागे ओढून घेतात, ही त्यातली किमया. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते.

तर ओआरएसची, म्हणजे याच मीठ-साखरेच्या मिश्रणाची, मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्णच घालायची, अर्धी नाही. स्तनपान चालू, भात-वरण चालू. झिंकची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी. रक्त दिसलं, मूल पीत नसेल, सुस्त पडलं असेल तर लगेच दवाखाना.

त्या आईला मी वाटी-चमचा दिला आणि चार तास बसवून घेतलं. दहा किलोचं पोर, साडेसातशे मिली ओआरएसचं पाणी, चमच्याचमच्याने. मधे एकदा ओकलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. ‘इंजेक्शन नाही का?’ तिने दोनदा विचारलं. तिसऱ्या तासाला त्याने तिच्या मांडीवर शू केली. ती ओशाळून साडी पुसायला उठली. मी म्हटलं, बसा ताई, याचीच वाट बघत होतो.