पात्यावर लोगो कोरताना अक्षरांच्या कडा का फिसकटतात?

नमस्कार. हाताने घडवलेल्या सुरीचे पाते मागच्या व्हिडिओत दाखवले, तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे: पात्यावरचा लोगो घरच्या घरी कसा कोरतात आणि त्यासाठी किती व्होल्ट लागतात? दुसऱ्या भागाचे उत्तर लगेच देऊन टाकतो. ९ ते १२ व्होल्ट पुरतात. पद्धत अशी: पात्यावर अक्षरे कापलेली स्टेन्सिल चिकटवायची आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यातून वीज सोडून उघड्या रेषांमधले लोखंड विरघळवायचे. ज्यांचा लोगो फिसकटतो, त्यांच्या बाबतीत दोष व्होल्टचा क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा कापसातल्या पाण्याचा असतो, आणि आज बराच वेळ त्या पाण्यावरच जाणार आहे.

साहित्य आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून भराभर सांगतो. १२ व्होल्ट आणि १ अँपिअरच्या आसपासचा, एकाच दिशेने प्रवाह देणारा डीसी अ‍ॅडॅप्टर, दोन क्रोकोडाइल क्लिपा, पेलाभर कोमट पाण्यात विरघळवलेले दोन चमचे मीठ, कापूस किंवा फेल्ट, विनाइलची, म्हणजे चिकट प्लास्टिकची स्टेन्सिल, चिकटपट्टी, अ‍ॅसिटोन आणि रबरी हातमोजे. धातूच्या पट्टीवर कापूस किंवा फेल्ट गुंडाळला की बोळा झाला. धन टोक पात्याला आणि ऋण टोक बोळ्यातल्या पट्टीला जोडायचे. तारेच्या रंगावर विसंबू नका, मल्टीमीटरने खात्री करून घ्या. टोके उलटी जोडली गेली, तर बुडबुडे येतात, चरचर ऐकू येते, पण पात्यावर काहीच उमटत नाही आणि झीज होते ती बोळ्यातल्या धातूची. घरातील मुख्य वीजपुरवठ्याची तार थेट वापरण्याविषयी जे विचारतात, त्यांना माझे एकच उत्तर आहे: नाही, कधीही नाही.

आत काय घडते, तेही थोडक्यात पाहू. धन टोकाला जोडलेल्या पात्यातील लोखंड विद्युतभारित कणांच्या रूपाने मिठाच्या पाण्यात उतरते आणि बोळ्याच्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. किती लोखंड उतरेल, हे मायकेल फॅरडे यांच्या नियमानुसार वाहिलेल्या विद्युतभारावर ठरते. १ अँपिअरचा प्रवाह १ मिनिट अखंड वाहिला, तर फार तर १७ मिलिग्रॅम लोखंड विरघळते. लोगोच्या उघड्या रेषांचे एकूण क्षेत्रफळ ४० चौरस मिलिमीटर धरले, तर खोली सुमारे ०.०५ मिलिमीटर येते. घरगुती कामात हा हिशेब पूर्ण उतरत नाही, कारण बोळा आपण सतत उचलतो आणि थोडा प्रवाह वायाही जातो. पण मिनिटभराच्या कामात बोटाच्या नखाला जाणवेल अशी खोली का मिळते, हे त्यावरून कळते.

लोगो केव्हा कोरायचा, याविषयीही गोंधळ दिसतो. पाते पाणी देऊन कडक झालेले असावे, घासकाम संपलेले असावे आणि शेवटचा पॉलिश पेपर फिरवून झालेला असावा. त्याआधी कोरलेला लोगो पुढच्या घासकामात उथळ होतो किंवा नाहीसाच होतो.

आता स्वच्छतेकडे येऊ. पात्यावर अ‍ॅसिटोन फिरवला म्हणजे ते स्वच्छ झाले, असे मानू नका. त्यावरून पाणी ओता आणि पाते तिरपे धरा. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंब झाले, तर तेथे अजून तेलकटपणा आहे आणि नेमक्या त्याच जागी स्टेन्सिलची कड उचलली जाणार आहे. ही तपासणी झाल्यावर पाते पूर्ण वाळवा आणि लोगोच्या जागेला बोट लावू नका. हातमोजे घातलेले असले तरी लावू नका, कारण त्याच हातमोज्यांनी आपण मघाशी तेलाची बाटली हाताळलेली असते.

(कॅमेरा स्टेन्सिलवर.)

हे विनाइल पाहा. व, क, ब यांसारख्या अक्षरांच्या पोटात जी मोकळी जागा असते, तिच्यावर विनाइलचा एक सुटा ठिपका बसतो. त्याला चारही बाजूंनी आधार नसतो, तो केवळ स्वतःच्या चिकटपणावर टिकून असतो, आणि म्हणून सर्वांत आधी तोच सुटतो. पात्यावर स्टेन्सिल चिकटवल्यावर हा ठिपका लाकडी काडीच्या बोथट टोकाने स्वतंत्रपणे दाबून घ्या. अक्षरे फार लहान असतील, तर असे ठिपके इतके चिमुकले होतात की दाबूनही टिकत नाहीत. अशा वेळी विनाइलचा हट्ट सोडून प्रकाशाने कडक होणारी फोटो-रेझिस्टची फिल्म वापरावी, कारण तिच्यात बारीक रेषा अधिक विश्वासाने मिळतात. स्टेन्सिलच्या चारही बाजूंना चिकटपट्टी रुंद लावा. मिठाच्या पाण्याचा एक थेंब उघड्या पात्यावर पडला आणि बोळा त्याला टेकला, की पॉलिश केलेल्या जागेवर करडा डाग उमटतो.

आता मुख्य मुद्दा. बोळा ओला नसावा, दमट असावा. मिठाच्या पाण्यात बुडवल्यावर तो पिळायचा, नंतर जुन्या फडक्यावर टेकवायचा, आणि पात्यावर दाबला असता त्याच्या कडेला पाण्याची चकाकती रेघ दिसली, तर पुन्हा टेकवायचा. येथे बरेच जण मला थांबवून लिहितात की पाणी जास्त असेल तर प्रवाह चांगला वाहील. प्रवाह चांगला वाहतो, हे खरेच आहे; तो जेथे वाहू नये तेथेही वाहतो, एवढीच अडचण आहे.

विनाइल आणि पोलाद यांच्यामध्ये जी अतिसूक्ष्म फट राहते, तिच्यात पाणी आपोआप ओढले जाते, दाब देण्याचीही गरज पडत नाही. एकदा पाणी आत शिरले, की प्रवाहाला विनाइलखालून वाट मिळते आणि अक्षराची कड आतून कुरतडली जाऊ लागते. वरून पाहताना स्टेन्सिल व्यवस्थित दिसते, म्हणून आपण निश्चिंतपणे काम चालू ठेवतो, आणि विनाइल काढल्यावर अक्षराभोवती धुरकट झालर दिसते.

उष्णतेच्या अंगानेही हेच पाहता येते. बोळा पात्यावर ३ ते ५ सेकंद टेकवायचा आणि उचलायचा, असे मी प्रत्येक वेळी सांगतो. कारण प्रवाहामुळे मिठाचे पाणी तापते, तापलेल्या पाण्याने विनाइलचा गोंद मऊ पडतो आणि मऊ पडलेल्या गोंदाखाली जास्तीचे पाणी लगेच शिरते. माझ्या एका मित्राने लोगो उथळ येतो म्हणून २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणला. त्याचा बोळा थबथबलेला होता. वाफ निघाली, सुटा ठिपका तरंगत बाहेर आला, आणि तरीही त्याचा निष्कर्ष असा होता की आता ३६ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर हवा. त्याच्याच जुन्या अ‍ॅडॅप्टरवर, तसल्याच पात्याच्या एका निकामी तुकड्यावर, पिळलेल्या बोळ्याने कोरलेली अक्षरे स्वच्छ आली, तेव्हा कोठे चर्चा थांबली.

याच गोष्टीकडे दुरुस्तीच्या दृष्टीने पाहा. लोगो उथळ आला, तर स्टेन्सिल जागेवर असेपर्यंत तो आणखी खोल करता येतो. बोळा पुन्हा टेकवला की झाले. कड फिसकटली, तर मात्र संपूर्ण बाजू पुन्हा घासण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून कोरडेपणाकडे झुकणारी चूक परवडते, ओलेपणाकडे झुकणारी परवडत नाही. बोळा फारच कोरडा असेल, तर चरचर तुटक ऐकू येते, तेव्हा एक थेंब वाढवा. आवाज बारीक आणि सलग असेल, तर योग्य चालले आहे. आवाज विरून जाऊन नुसता फेस दिसू लागला, तर थांबा आणि बोळा पिळा. कापूस तपकिरी-हिरवट झाला की बदला, कारण त्यातला गाळ रेषांमध्ये बसतो. बोळ्यातली धातूची पट्टी कापसातून बाहेर डोकावू देऊ नका. ती पात्याला टेकली तर ठिणगी उडून खड्डा पडतो.

काही प्रेक्षक विचारतात की मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर चालेल का. काम संथ होते, पण होते. मात्र काही चार्जर जास्त प्रवाह ओढला गेला की स्वतःहून बंद पडतात. मिठाऐवजी नुसते व्हिनेगर घेतले तर काय होईल? ते सौम्य आम्ल असल्यामुळे त्यातून प्रवाह कमी वाहतो, म्हणून मीठ हवेच. लेझरने हे सारे क्षणात होते, असे दर वेळी कोणीतरी लिहिते. होते, मान्य आहे. परंतु ज्यांच्याकडे लेझर आहे, त्यांना हा व्हिडिओ पाहण्याची मुळात गरज नाही.

लोगो काळा हवा असेल, तर डीसीने खोली घेतल्यावर, स्टेन्सिल न हलवता, ट्रान्सफॉर्मरमधून मिळणारा ९ ते १२ व्होल्टचा एसी काही सेकंद द्यावा. प्रवाहाची दिशा सतत उलटत राहिल्याने धातू फारसा निघत नाही आणि खाचेत काळसर ऑक्साइडचा थर बसतो. नंतर बारीक पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून हलकेच फिरवला, की वरचा धूसरपणा जातो आणि काळेपणा खाचेतच राहतो.

काम खिडक्या उघड्या ठेवून करा, कारण हायड्रोजनबरोबर थोडा क्लोरीनही सुटू शकतो. पाते स्टेनलेसचे असेल, तर उरलेल्या पाण्यात क्रोमियमची घातक संयुगे असण्याची शक्यता असते. ते पाणी हाताला लागू देऊ नका, मोरीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या आणि स्वयंपाकाची भांडी या कामात आणू नका.

स्टेन्सिल काढल्याबरोबर पात्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी चोळा, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. १०९५ सारख्या कार्बन पोलादावर खाचेत राहिलेले मीठ रातोरात तांबूस गंज आणते, आणि तो अक्षराच्या कोपऱ्यातून सुरू होतो. म्हणून मऊ दातांच्या ब्रशने कोपरे घासा, पाते कोमट हवेत पूर्ण वाळवा आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्या. सुरी स्वयंपाकासाठी असेल, तर ते तेल खाण्यास निर्धोक असे खनिज तेल असावे.