गाडीचं नाही, इंजिनचं वर्ष बघा: अमेरिकेत जुना सेमी ट्रक घेताना

(दृश्य: टेक्सासमधलं जुन्या ट्रकचं यार्ड, लांबच लांब रांग)

हे जे पांढरे ट्रक दिसतायत ना, सगळे एकसारखे, यातले बरेचसे फ्रेटलायनर कॅस्केडिया. मोठ्या कंपन्या असे ट्रक नवीन घेतात, चार-पाच वर्षं पळवतात आणि वॉरंटी संपत आली की काढून टाकतात. मीटरवर साधारण पाच लाख मैल असतात, म्हणजे आपले आठ लाख किलोमीटर. आकडा ऐकून घाबरू नका, इथे तो मध्यमवयीन ट्रक समजतात.

अमेरिकेत स्वतःचा ट्रक घेऊन स्वतःच चालवणाऱ्याला ओनर-ऑपरेटर म्हणतात. त्याला फक्त पुढचा भाग घ्यायचा असतो, आपल्याकडे ज्याला ट्रेलरचा घोडा म्हणतात तो. ट्रेलर बऱ्याचदा दुसऱ्याचा असतो, जोडायचा आणि निघायचं, एकूण वजन ८०,००० पाउंडांपर्यंत. नवीन स्लीपर घोडा, म्हणजे मागे झोपायची सोय असलेला, दीड लाख डॉलरच्या वर जातो, त्यावर परत १२ टक्के केंद्राचा कर, म्हणून एकट्या माणसाची सुरुवात बहुतेक वेळा जुन्या गाडीनेच होते.

आणि इथेच लोक फसतात, कारण ते रंग बघतात, क्रोम बघतात, आत बेड किती मोठाय ते बघतात, आणि कागदावर गाडीचं मॉडेल वर्ष बघून खूश होतात. बघायचं असतं इंजिनचं वर्ष! ते इंजिनवरच्या पट्टीवर छापलेलं असतं आणि गाडीच्या वर्षापेक्षा ते बऱ्याचदा एक वर्ष जुनं निघतं.

(दृश्य: इंजिनवरची पट्टी, जवळून)

आता एका वर्षाने काय बिघडतं? कॅलिफोर्नियात बरंच बिघडतं. १ जानेवारी २०२३ पासून तिथे मोठ्या डिझेल ट्रकला २०१० किंवा त्यानंतरचं इंजिन लागतं. म्हणजे गाडी २०१०ची, इंजिन २००९चं, तर लाँग बीच बंदरातला माल तुम्ही विसरा. आणि कॅलिफोर्निया सोडून धंदा करायचा म्हणजे केवढा माल सोडायचा ते तिथल्या पंजाबी ट्रकवाल्यांना विचारा, ते इतके आहेत की हायवेवर त्यांच्यासाठी ढाबे निघालेत, पराठा-चहासकट.

दुसऱ्या टोकाला २०००च्या आधीची इंजिनं. डिसेंबर २०१७ पासून ड्रायव्हरचे तास नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक मशीन गाडीत सक्तीचं झालं, पण २०००च्या आधीच्या इंजिनला त्यातून सूट आहे. तास तेवढेच, दिवसाला जास्तीत जास्त ११ तास चालवणं, फक्त नोंद कागदावर. एवढ्यासाठी लोक पीटरबिल्ट ३७९ नावाच्या जुन्या ट्रकला, त्यात कॅटरपिलरचं इंजिन असेल तर विचारूच नका, असला भाव देतात की ऐकून चक्कर येते. कॅटरपिलरने ट्रकची इंजिनं बनवणं २०१०च्या सुमारास बंदच केलं, म्हणून भाव अजून चढा. काही जण तर नव्या बॉडीत जुनं इंजिन बसवलेला ग्लायडर घेतात, गाडी २०१४ची दिसते आणि इंजिन नव्वदच्या दशकातलं. मला स्वतःला हा शौक वाटतो, धंदा नाही, पण शौकाला मोल नसतं म्हणतात.

मधली वर्षं सगळ्यात अवघड. २००७ पासून धूर गाळायला डीपीएफ आला, २०१० पासून डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करायला त्यात सोडायचं युरियाचं पाणी. आपल्याकडे एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स आल्यावर ट्रकवाल्यांनी युरिया-युरिया करत जे सोसलं ते तिकडे दहा वर्षं आधी सोसून झालंय. २०१०चा नियम आला तेव्हा नेव्हीस्टार कंपनीने ठरवलं की आम्हाला युरिया नकोच, आम्ही धूरच परत इंजिनात फिरवून काम भागवू. नाही भागलं. २०१२ला त्यांनीही युरियाचा रस्ता धरला, पण तोवर त्यांच्या मॅक्सफोर्स इंजिनाचे ट्रक रस्त्यावर आले होते, आणि इंजिनाच्या बिघाडांवरून मालकांनी केलेल्या खटल्यात शेवटी १३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. म्हणून २०११ ते २०१४ची इंटरनॅशनल प्रोस्टार, म्हणजे नेव्हीस्टारचाच ट्रक, फार स्वस्तात दिसली की आधी बॉनेट उघडून इंजिन कुठलंय ते बघा, कमिन्स कंपनीचं असेल तर पुढे बोला.

(दृश्य: सायलेन्सरच्या तोंडात फिरवलेलं बोट)

हे बघा, सायलेन्सरच्या पाइपात बोट फिरवलं. डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं झालं तर एक तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी तो काढून सॉफ्टवेअर बदललंय, त्याला तिकडे डिलीट म्हणतात, आणि ते केंद्राच्या कायद्याने बेकायदा आहे. विकणारा सांगेल ॲव्हरेज वाढतं, कटकट नाही. खरंय, कटकट त्याची गेली. सगळं परत बसवायचा खर्च तुमचा.

मग इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. यार्डात पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा, गरम लागलं तर विचारा, मी यायच्या आधी का चालू केलं होतं? चालू इंजिनवर तेलाचं झाकण सैल करून उलटं ठेवायचं, ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टन रिंगा गेल्यात असं धरा, आणि पूर्ण इंजिन बांधायचं म्हणजे हजारो डॉलर. तेलाचा नमुना लॅबला पाठवायला त्यामानाने किरकोळ पैसे लागतात, त्यात कूलंट मिसळतंय का, बेअरिंगचा धातू झिजून येतोय का, सगळं कळतं. हे लोक का करत नाहीत मला कळत नाही, रिपोर्ट यायला चार दिवस थांबायचं असतं, फक्त एवढंच.

कॉम्प्युटर जोडून इंजिनचे तासही काढा. पाच लाख मैलांना बारा हजार तास असतील तर सरासरी ताशी चाळीसेक मैल, म्हणजे गाडी हायवेवर पळलीय. त्याच मैलांना वीस हजार तास निघाले तर सरासरी पंचवीसवर येते, म्हणजे रात्र-रात्र एसी-हीटरसाठी इंजिन उभ्या-उभ्या चालू ठेवलंय, आणि अशाने डीपीएफ काजळीने भरतो. मीटर हे सांगत नाही.

खाली वाकून चासी बघा. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने लोखंड पापुद्र्यांनी सुटतं, म्हणून दक्षिणेतली गाडी शोधत लोक टेक्सासपर्यंत येतात. टायर पुढचे ४/३२ इंच, बाकीचे २/३२ इंच, याखाली नक्षी गेली की गाडी तपासणीत नापास. झिजले असतील तर भावात घासाघीस करा, बाकी टायर बदलता येतात हो.

आणि घाईचं काय होतं ते २०२१-२२ला दिसलं. नव्या ट्रकसाठी चिप मिळेनात, मालाचे दर आभाळाला, जुन्या ट्रकचे भाव असे चढले की चार वर्षं वापरलेला ट्रक नव्याच्या जवळपास किमतीत जात होता आणि लोक कर्ज काढून घेत होते. २०२२च्या उन्हाळ्यापर्यंत दर घसरले, ट्रकची किंमत घसरली, हप्ता मात्र तोच राहिला. कितीतरी जणांनी स्वतःच्या नावावरचा माल वाहायचा परवाना परत केला आणि पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर झाले.

म्हणून सही करायच्या आधी टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, जुन्या कर्जाचा बोजा नाही ना ते बघायचं, आणि विम्याचा भाव आधीच मागवायचा. कायद्याने किमान साडेसात लाख डॉलरचं संरक्षण लागतं, माल मिळवून देणारे बरेच ब्रोकर दहा लाखांशिवाय माल देत नाहीत, आणि नव्या परवान्याला पहिल्या वर्षाचा हप्ता इतका येतो की काहींचा ट्रकचा हप्ता त्यापुढे लहान वाटतो. हा आकडा हातात आल्यावर मग यार्डवाल्याला फोन करा, तोवर ॲडव्हान्स देऊ नका.