फलाटावरची खाकी नेमकी कुणाची?

ठाणे स्टेशन, नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गाचा फलाट. वाशी लोकल लागते, दाराशी रेटारेटी होते आणि कुणाचा तरी मोबाईल जातो. समोर खाकी वर्दी उभी असते खरी, पण ती कुणाची?

खांद्यावरच्या पट्टीवर आरपीएफ असेल, तर तो रेल्वे सुरक्षा दलाचा जवान. १९५७च्या कायद्याने उभं राहिलेलं हे केंद्राचं दल रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली चालतं. रेल्वेची मालमत्ता राखायची, उगाच साखळी ओढणाऱ्यांना आणि तिकीट दलालांना धरायचं, प्रवाशांवर लक्ष ठेवायचं. मोबाईलचोर तो पकडू शकतो. मात्र गुन्हा नोंदवण्यासाठी चोराला लोहमार्ग पोलिसांच्याच हवाली करावं लागतं.

लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, राज्याचे. देशभरासाठी एकच पोलीस दल आपल्याकडे नाहीच. घटनेच्या राज्यसूचीतल्या दुसऱ्या नोंदीत ‘पोलीस’ आहे आणि त्यातच रेल्वे पोलीसही धरलेत. म्हणून रूळ केंद्राचे, पण लोकलमधल्या चोरीचा तपास महाराष्ट्र पोलिसांचा. ठाणे, वाशी, पनवेल इथली लोहमार्ग ठाणी मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तांकडे. जिना उतरून रस्त्यावर आलात की हद्द ठाणे शहर आयुक्तालयाची. दिघ्यापासून पुढे नवी मुंबईची.

घोळ होतो तो हद्दीवरून. मोबाईल गेला ऐरोली-घणसोलीच्या दरम्यान, खिसा चाचपला वाशीला. ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर मात्र चालत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावीच लागते. हाच झिरो एफआयआर. पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

जबाब सही करण्याआधी वाचा. ‘गहाळ’ लिहिलं असेल तर ती नुसती नोंद, चोरीचा गुन्हा नव्हे. मग तपासाला धारच राहत नाही. कुणी हिसकावला, खिशातून काढला, जे घडलं ते तसंच लिहायला सांगा. आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, मोबाईलच्या खोक्यावर किंवा बिलावर सापडतो.

त्यानंतर त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि मगच सीईआयआर या केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर आयएमईआय देऊन हँडसेट ब्लॉक करायला बसा. तिथे तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीही येतो. सिम नसेल तर अर्ज तिथेच अडतो.