बांध फुटलेला खांदा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात परभणीकडच्या एका खेड्यातून एक आई लेकराला घेऊन माझ्याकडे आली. पोरगं १९ वर्षांचं, गावच्या कबड्डी संघातलं. पहिल्यांदा खांदा निखळला तो चढाईत. मनगट धरून कुणीतरी मागे ओढलं आणि हात तसाच वर असताना तिघं अंगावर पडले. पुढच्या खेपेला विहिरीत पोहताना, मग सदऱ्याच्या बाहीत हात घालताना आणि शेवटी झोपेत कूस बदलताना. आई म्हणाली, "साहेब, पहिल्यांदा लई घाबरलो होतो. आता हा आपला आपणच बसवून घेतो. सवयच पडली म्हणा ना."

मला आज या सवयीबद्दलच बोलायचं आहे. कारण ती सवय नाही, ती फाटलेली जागा आहे.

खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो. खांद्याचं तसं नाही. तिथे बशीवर लिंबू ठेवावं तसा हाडाचा गोल एका उथळ खोबणीवर टेकलेला असतो. म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो. गोल घसरू नये म्हणून खोबणीच्या कडेला एक चिवट गादी असते, तिला लॅब्रम म्हणतात. आपल्या भाषेत तो शेताचा बांध समजा. पुढच्या बाजूचे अस्थिबंध याच बांधाला धरून असतात. अपघातात खांदा निखळतो तेव्हा १०० पैकी ९५ वेळा तो पुढच्या बाजूला निखळतो आणि जाताना बांध फोडून जातो. ब्लंडेल बँकार्ट या इंग्रज शल्यविशारदाने १९२३ साली ही जखम दाखवून दिली, म्हणून आम्ही तिला बँकार्टची जखम म्हणतो.

खांदा बसवला की दुखणं थांबतं, पण बांध पुष्कळदा जागेवर चिकटत नाही. एकदा फुटलेल्या बांधातून पुढचं पाणी कुठून जाणार, हे शेतकऱ्याला मी काय सांगावं? आणि पाणी नुसतं जात नाही, माती घेऊन जातं. इथेही दर खेपेला खोबणीची कड झिजते आणि गोलाच्या मागच्या अंगाला खोक पडते. विशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर ते प्रमाण बरंच उतरतं, पण त्या वयात वेगळीच भीती असते: हात उचलणारे स्नायुबंध फाटण्याची. खांदा बसल्यावरही हात वर जात नसेल, तर "मुका मार आहे, जाईल" म्हणून घरी बसू नका.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. शेतातल्या मोटारीचा शॉक बसला किंवा फिट आली, तर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. साध्या एक्स-रेत तो पटकन दिसतही नाही. शॉक बसलेल्या माणसाचा हात बाहेरच्या बाजूला फिरत नसेल, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

आता चोळणाऱ्यांबद्दल. गावोगाव हाडं बसवणारी माणसं आहेत, काहींच्या हाताला खरोखर अंदाज असतो. पण बोटांना मोडलेलं हाड दर वेळी कळत नाही आणि दबलेली नस तर नाहीच. म्हणून ओढाओढ नको. उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवा आणि दवाखाना गाठा. आधी एक्स-रे, मग बसवणं, मग पुन्हा एक्स-रे. दंडाच्या वरच्या बाजूला बधिरपणा वाटत असेल तर तेही सांगा.

बांध दुरुस्त करायची दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे आर्थ्रोस्कोपी. पूर्ण भूल देतात, बहुधा मानेजवळ नसेलाही बधिर करतात. मागून एका लहान छिद्रातून कॅमेरा आत जातो, पुढून एकदोन छिद्रांतून अवजारं. सांधा सलाईनच्या पाण्याने फुगवलेला असतो, म्हणून पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं. सुटलेली गादी मोकळी करायची, कडेचं हाड थोडं खरवडून रक्ताळ करायचं (त्याशिवाय ती चिकटत नाही), मग कडेवर बहुधा तीन बारीक खुंट्या बसवून त्यांच्या दोऱ्यांनी गादी ओढून बांधायची. या खुंट्यांना अँकर म्हणतात. बाहेरून पाहाल तर दोनतीन टाके.

पण माती फार वाहून गेली असेल, तर नुसता बांध घालून काय उपयोग? खोबणीच्या रुंदीचा पाचवा-चौथा हिस्सा झिजला की दोरे पुरत नाहीत. मग जवळच्याच एका हाडाचा तुकडा त्याच्या स्नायूंसकट आणून पुढच्या कडेला स्क्रूने बसवावा लागतो. या लातार्जे शस्त्रक्रियेचं वर्णन १९५४ साली फ्रान्समध्ये झालं. ती चांगली आहे, पण मोठी आहे. उशीर महागात पडतो तो इथे. झीज किती, हे सीटी स्कॅनवर मोजता येतं.

पहिल्यांदा निखळलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असं मुळीच नाही. पुष्कळांना झोळी आणि नंतरचा व्यायाम पुरतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, ही शस्त्रक्रिया बसते की नाही.

शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे झोळी, बोटं आणि मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. मैदान सहा महिन्यांच्या आत नाही. पोरं तिसऱ्या महिन्यात म्हणतात, "दुखत नाही, खेळू का?" दुखत नाही म्हणजे जुळलंय असं नव्हे. हात मागे फिरायला थोडा कमी पडू शकतो आणि काहींचा खांदा शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा निखळतो, हेही आधीच सांगायला हवं.

येताना जुने सगळे एक्स-रे आणा आणि खांदा कितीदा निखळला ते लिहून आणा. त्या आईने भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं होतं. दुधाच्या हिशोबाशेजारी तांबड्या पेनाने फुल्या मारलेल्या, एकूण आठ. पोरगा म्हणत होता, "चारपाचदाच झालं असेल." मी फुल्या मोजल्या आणि सीटी स्कॅन लिहून दिला.

नमस्कार.